चिऱ्याच्या भिंतीला कुठलं मशीन?

झिरी मारायचं, म्हणजे वायरीचा पाइप बसवायला भिंतीत खाच कापायचं, मशीन घ्यायला गेलं की दुकानदार पहिला आकडा वॉटचा सांगतो. बाराशे, चौदाशे, सतराशे. गेल्या हंगामात तारकर्लीच्या एका घराचं वायरिंग घेतलं आणि त्यासाठी मशीन निवडायला बसलो, तेव्हा तो आकडा मी सगळ्यात शेवटी बघितला. आधी बघावी लागली ती भिंत.

घर जुनं. पुढचा भाग आजोबांच्या काळातला, जांभ्या दगडाचे चिरे मातीत बसवलेले, भिंती दीड हात जाड. मागच्या खोल्या नंतरच्या, चिरा सिमेंटात आणि वर स्लॅब. या मागच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या होत्या. प्रत्येकीत एसी, गिझर, पलंगाच्या दोन्ही बाजूंना बोर्ड. जुनं वायरिंग लाकडी पट्टीवरचं; खाऱ्या हवेनं खिळे गंजून पट्ट्या भिंतीपासून सुटलेल्या. घरच्या काकींना नवं वायरिंग कन्सील, म्हणजे भिंतीच्या आत लपलेलं, हवं होतं. पण काम ठरतानाच त्यांनी बजावलं, "काय ता कर, पण भिंतीक तडो जावक नये." त्यात घरातली माणसं तिथंच राहणार होती, स्वयंपाक तिथंच होणार होता. म्हणजे तडा नको आणि धूळही नको.

तोवर माझ्याकडे ११० मिमी पात्याचा मार्बल कटर, चार इंची ग्राइंडर आणि छिन्नी-हातोडा एवढंच होतं. मालवण-कुडाळ पट्ट्यातल्या बहुतेक वायरमनांचं यावरच भागतं, आणि विटेची किंवा नव्या चिऱ्याची, प्लास्टर न झालेली भिंत असेल तर चांगलं भागतं. इथं भागणार नव्हतं. का, ते नीट सांगतो, कारण मशीनची निवड सगळी त्यावर ठरली.

जांभा दगड खाणीत मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणून तर त्याचे चिरे सरळ कापून काढता येतात. अंगात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, सगळीकडे भोकं, भोकांत कुठे पिवळी माती. पातं फिरताना एका इंचावर लोहाचा काळा टणक गोळा लागतो आणि पुढच्याच इंचावर पोकळी. हातातलं मशीन तिथं हिसका देतं. छिन्नी मारली तर विटेसारखा सरळ तुकडा उडत नाही. भोकाभोकातून वाट काढत कुठेतरी भलतीकडे कपरा, म्हणजे वेडावाकडा तुकडा, निघतो. वीस मिमी पाइपासाठी झिरी मारायला जावं आणि प्लास्टरसकट वीतभर खड्डा पडावा, असं चिऱ्यात सर्रास होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मागच्या खोल्यांत कॉलम नव्हते. स्लॅबचा सगळा भार चिऱ्याच्या भिंतींवर. अशा भार घेणाऱ्या भिंतीत झिरी किती खोल असावी याला आपल्या भारतीय मानकात, आयएस १९०५ मध्ये, नियम आहेत. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. आडवी झिरी एक मीटरपेक्षा लांब नको, आणि शक्यतो आडवी मारूच नये. उभ्या झिऱ्या एकमेकींपासून दोन मीटरच्या आत नकोत. दार-खिडकीच्या कडेपासून ३४५ मिमी सोडायचे. अर्ध्या विटेच्या जाडीची भार घेणारी भिंत असेल तर तिच्यात झिरीच नको. इथली भिंत नऊ इंची, म्हणजे २३० मिमी. उभीला ७६ मिमी मिळतात, आडवीला फक्त ३८.

हे गणित कागदावर मांडलं आणि आराखडाच बदलला. सगळी आडवी लाइन स्लॅबखाली पीओपीच्या पट्टीमागून न्यायची, भिंतीत फक्त उभे ड्रॉप, म्हणजे वरून बोर्डापर्यंत उतरणारे पाइप. पलंगाच्या दोन बोर्डांना जोडणारी आडवी झिरी आपल्याकडे डोळे मिटून मारतात. ती रद्द केली आणि दोन्ही बोर्डांना वरून वेगवेगळे ड्रॉप दिले. पाइप आणि वायर थोडी जास्त लागली. काकींना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी एका शब्दानं हरकत घेतली नाही.

आता झिरीचं माप. दिव्यांना आणि प्लगना २० मिमीचा पाइप, एसीच्या चार चौरस मिमी वायरींना २५ मिमीचा. पाइपावर किमान १५ मिमी सिमेंटचा मसाला बसायला हवा, नाहीतर पुढे रंगावर पाइपाची रेघ उमटते. म्हणजे खोली ३५ आणि ४० मिमी. ११० मिमी पात्याचा मार्बल कटर जेमतेम ३० ते ३४ मिमीपर्यंत जातो. त्यापुढचं छिन्नीनं खणायचं म्हणजे पुन्हा तोच कपरा. काही जण ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर मोठं पातं चढवतात. हे मी माझ्या कामावर कुणालाही करू देत नाही. पात्यावर जास्तीत जास्त आरपीएम छापलेले असतात. १२५ मिमीच्या डायमंड पात्याला साधारण १२,२०० फेरे, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. गार्ड नसलेल्या मशीनवर त्या वेगानं सुटलेला तुकडा कुणाच्या तोंडावर जाईल हे सांगता येत नाही.

मशीन विकत घेण्याआधी भाड्यानं आणि ओळखीतून मिळतील तेवढी आणून बघायची ठरवली. घरामागं पडलेला जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, होता. त्यातले चिरे काढून आमच्या कामावरच्या गवंडी आबांनी सिमेंटात एक छोटी भिंत उभी केली, वर प्लास्टर केलं आणि ते सुकू दिलं. ज्यांना चिऱ्यात काम करायचं आहे त्यांना माझं सांगणं आहे, मशीनची जाहिरात बघू नका, अशी एक भिंत बांधा. खर्च काहीच नाही आणि कळतं सगळं.

पहिला लावला तो पाच किलोचा ब्रेकर. दणादण फोडतो, वेळ वाचतो, म्हणून लोक लावतात. त्या छोट्या भिंतीत झिरी पडली खरी, पण मागच्या बाजूला प्लास्टर फुगलं आणि दोन चिऱ्यांमधला सांधा सुटला. आबांनी सांध्यात बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो चिरो आसा, काँक्रीट न्हय. ह्येका ठोकूचो नसता, कापूचो असता." पलीकडच्या वाडीत एका घरात असाच ब्रेकर लावून झिऱ्या फोडल्या होत्या आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूच्या स्वयंपाकघरातल्या टाइल्स पोकळ वाजू लागल्या होत्या, हे आम्ही दोघांनी पाहिलेलं. ब्रेकर तिथंच बाद.

मग पाच पात्यांचं कटिंग मशीन आणलं. एकाच फेरीत पूर्ण रुंदीची झिरी निघते, मधला गाभा फोडायलाच नको. विटेच्या आणि ब्लॉकच्या भिंतीत याचं काम देखणं होतं, हे कबूल. चिऱ्यात दोन अडचणी आल्या. पाच पाती एकदम घासतात म्हणून जोर खूप लागतो, आणि लोहाचा गोळा आला की सगळं मशीन एका बाजूला ओढतं. आणि धूळ बसवायला त्याला पाणी जोडावं लागतं. चिऱ्याची धूळ आणि पाणी म्हणजे तांबडा चिखल; तो प्लास्टरवरून ओघळतो, लादीच्या सांध्यात शिरतो आणि निघता निघत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात ठीक, राहत्या घरात नाही. शिवाय हातात मेन लाइनचं मशीन आणि अंगावर पाणी, ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, लावल्याशिवाय मी ते कुणाच्याही हातात देणार नाही.

शेवटी वॉल चेझर. दोन डायमंड पाती एकाच दांड्यावर, मध्ये रिंगा. रिंगा कमी-जास्त करून झिरीची रुंदी ठरते. पाती पूर्ण आवरणात, पुढे रोलर, बाजूला खोलीचा स्टॉप आणि मागं व्हॅक्यूमची नळी लावायला तोंड. पाती दोन समांतर रेघा कापतात, मधला गाभा नंतर काढायचा. त्या भिंतीवर चालवलं तेव्हा पहिल्यांदा चिऱ्यात सुरीनं कापल्यासारखी कड दिसली. गाभा काढायला ब्रेकर लागलाच नाही. चिरा सच्छिद्र असल्यानं दोन्ही बाजूंनी सुटा झालेला पट्टा २० मिमीच्या छिन्नीनं हलक्या हातानं उचकटला तरी निघतो. मागच्या बाजूच्या प्लास्टरला धक्का नाही.

निवड ठरली तरी कुठलं चेझर हे उरलंच. १२५ मिमी पात्याची हलकी मशीनं मिळतात, पण त्यांतली बरीच ३० मिमी खोलीवर थांबतात. मला ४० हवे होते, म्हणून १५० मिमी पात्याचं, ४५ मिमीपर्यंत जाणारं घेतलं. ते जड आहे. दिवसभर खांद्याच्या वर धरून काम करताना ते वजन जाणवतं. भाच्याला सोबत घेतला आणि आळीपाळीनं चालवलं.

एका गोष्टीवर मी दुकानात अडून बसलो: वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. आपल्या किनाऱ्यावर वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. साध्या कटरचं बटण चालू करून अडकवलेलं असतं. वीज गेली, माणूस मशीन खाली ठेवून चहाला गेला, आणि वीज आली की पातं लादीवर फिरत सुटतं. चेझरमध्ये ही सोय असेल तर बटण बंद करून पुन्हा दाबल्याशिवाय ते सुरूच होत नाही. हळू सुरू होणारी मोटरही बघितली. तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, इकडचे खांब आडवे झाले तेव्हापासून मी छोटा जनरेटर ठेवतो. एकदम झटका देऊन सुरू होणाऱ्या मशीननं तो दबतो. चेझर आणि व्हॅक्यूम मिळून अडीच हजार वॉटच्या आसपास भार होतो, तेव्हा एक्स्टेंशनची वायर अडीच चौरस मिमीची करून घेतली. बारीक वायरीच्या लांबलचक गुंडाळीवर मशीन मरगळतं आणि दोष मशीनला जातो.

बॅटरीवरची मशीनंही हाताळून बघितली. भोकं पाडायला सुरेख, पण सलग झिरी कापायला लागलं की बॅटरी चटकन उतरते. ती मी बॉक्सच्या, म्हणजे स्विचांच्या प्लेटमागं भिंतीत बसणाऱ्या डब्याच्या, कामापुरतीच ठेवली.

पात्याबद्दल दुकानात फारसं कुणी सांगत नाही. डायमंड पात्यात हिऱ्याचे कण धातूच्या बाँडमध्ये, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या थरात, बसवलेले असतात. मऊ पण घासणाऱ्या मालाला कठीण बाँड लागतो, नाहीतर पातं भराभर झिजतं. कठीण मालाला मऊ बाँड, म्हणजे बोथट झालेले कण गळून नवे उघडे पडतात. वाळूचं प्लास्टर आणि चिरा दोन्ही घासणारे आहेत, तेव्हा कठीण काँक्रीटचं पातं इथं महाग पडतं. आणि दोन्ही पाती नेहमी एकदम बदलायची. एक नवं, एक झिजलेलं लावलं तर दोन रेघांची खोली वेगळी येते आणि गाभा तिरका तुटतो.

बॉक्सचं काम निराळंच आहे, आणि तिथं चेझरचा उपयोग नाही. पातं गोल, खोल जायचं तर ते पृष्ठभागावर लांब कापणारच. साधं गणित करून बघा. १२५ मिमी पातं ४५ मिमी आत घातलं तर मशीन जराही पुढं न सरकवता भिंतीवर १२० मिमी लांब काप पडतो. दोन मॉड्युलचा, म्हणजे दोन स्विचांच्या मापाचा, बॉक्स साधारण तीन इंची. म्हणजे दोन्ही बाजूंना काप बॉक्सच्या बाहेर जातो, आणि तो वरच्या प्लेटखाली झाकला जात नाही. म्हणून ग्राइंडरनं फक्त प्लास्टरच्या जाडीएवढी चौकट आखायची, काप कोपऱ्याच्या आत थांबवायचा. मग दोन किलोच्या एसडीएस प्लस रोटरी हॅमरनं, ठोका बंद ठेवून, चौकटीच्या आतून कडेकडेनं दहा मिमीची भोकं पाडायची. चिऱ्यात नुसत्या फिरण्यानंही बिट जातं. टणक गोळा आला तरच ठोका चालू करायचा. शेवटी त्याच मशीनला छिन्नी लावून भोकांच्या ओळीपर्यंतच फोडायचं. तुकडा भोकांपाशी थांबतो, कपरा पुढं धावत नाही. परदेशी व्हिडिओंत गोल कोअर बिटनं क्षणात खड्डा पाडतात ते आपल्याला लागू नाही, कारण आपले मॉड्युलर बॉक्स चौकोनी आहेत. बॉक्स मी पीव्हीसीचेच वापरले. समुद्रापासून इतक्या जवळ पत्र्याच्या बॉक्सचे स्क्रू काही वर्षांत गंजून बसतात आणि मग प्लेट उघडताना बॉक्सच उपटून येतो.

तोच गोलाईचा हिशेब झिरीच्या टोकालाही आहे. १५० मिमी पातं ४० मिमी खोल चालत असेल तर कापाच्या शेवटचे ६६ मिमी पूर्ण खोल नसतात. चेझर बॉक्सच्या कडेपर्यंत नेलं तरी शेवटचे अडीच इंच हातानंच करावे लागतात. हे काम भाच्याकडे दिलं होतं. त्याचा हात हलका आहे, आणि तो घाई करत नाही.

धुळीसाठी मी जेवढं खर्चलं तेवढं मशीनच्या खालोखाल कशावरच नाही. प्लास्टरमध्ये वाळू, वाळूत सिलिका. ती बारीक होऊन फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा रोग कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. पण घरोघर झिरी मारणारा वायरमन कुठल्याच कारखान्यात मोडत नाही. त्याची नोंद कोण ठेवणार? तोंडाला रुमाल बांधून वर्षानुवर्षं काम केलेली माणसं मी खोकताना पाहिली आहेत. रुमालानं ती धूळ अडत नाही. किमान एन ९५ मास्क, आणि रोजचंच काम असेल तर बदलता फिल्टर असलेला रबरी मास्क घ्यावा. व्हॅक्यूम घरगुती चालत नाही, त्याचा फिल्टर लगेच बुजतो आणि बारीक धूळ मागून बाहेर येते. मी एम क्लासचा, स्वतःहून फिल्टर झटकणारा घेतला. या वर्गाच्या फिल्टरनं ९९.९ टक्के धूळ अडवायची असते. महाग आहे. पण पहिल्या खोलीत चेझर चालवून बाहेर आलो तेव्हा शेजारच्या खोलीत काकींची नात अभ्यास करत बसली होती, आणि तिच्या वहीवर धुळीचा कण नव्हता. त्या दिवशी मला मशीनपेक्षा व्हॅक्यूमचं जास्त समाधान वाटलं.

पुढच्या, मातीतल्या भिंतींना मी झिरी मारली नाही. मातीचा सांधा पात्याच्या थरथरीनंही झरतो, आणि दीड हात जाडीच्या भिंतीत आत काय पोकळ आहे हे बाहेरून कळत नाही. तिथं पीव्हीसी केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरूनच जाणारी झाकणाची पट्टी, लावलं, तुळईच्या कडेनं, जुन्या पट्टीच्याच वाटेनं. आबांचंही हेच मत पडलं. काकींना ते आधी खटकलं, सगळीकडे सारखं हवं होतं. त्यांना एका कोपऱ्यातलं प्लास्टर खरवडून आतली माती दाखवली. त्यांनी हातात घेतली, चुरली, आणि मग मान्य केलं.

झिऱ्या भरताना पाइप क्लिपांनी पक्के केले, झिरी पाण्यानं ओली केली, कारण कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि भराव सुटतो. मसाला भरून वर जाळी ठोकली, मग फिनिशिंग. आगोटीच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीच्या, आधी वायर ओढून ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं, प्रत्येक सर्किट तपासलं. आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. भर पावसात भिंती ओल धरतील तेव्हा तेच परत घेऊन ताडून बघायचे आहेत.

आता देवबागचं एक काम आलं आहे. अंदाज देताना मी झिरीचा दर फुटावर लावला आणि धूळ ओढायचा खर्च त्यातच धरला. मालकानं विचारलं, छिन्नीनं करणारे कमी घेतात, तुम्ही जास्त का? मी त्यांना तारकर्लीच्या खोल्या बघून यायला सांगितलं. ते बघून आले आणि काम दिलं, एक अट घालून: दर्शनी चिऱ्याची बाहेरची भिंत तशीच उघडी ठेवायची आहे, तिच्यावर ओरखडाही नको. तिथं आतल्या, प्लास्टरच्या बाजूनं झिरी मारून बाहेरच्या दिव्यांसाठी भिंतीतून आरपार भोक घेईन. चिऱ्याच्या मधोमध पाडायचं, सांध्यात नाही, आणि बाहेरच्या बाजूनं लाकडी फळी घट्ट दाबून धरायची, म्हणजे बिट बाहेर पडताना चिऱ्याची कड उडणार नाही. २५ मिमीचं लांब बिट मागवून ठेवलं आहे.